रॅम्पवरची खुर्ची

मिरज
रविवार, ८ जून २०२५

डॉ. अंकिता मॅडम,

हे अक्षर तुमच्या ओळखीचं नसेल, कारण तुम्ही माझी फक्त सही बघितली आहे. मी आकाराम, वॉर्ड नऊमधला मामा. तुमचा जुना नंबर लागत नाही. पत्ता सोनम सिस्टरकडून घेतला. त्यांच्यावर रागावू नका, तीन वेळा मागितला तेव्हा दिला.

तुम्ही आता पाचगणीला एका निवासी शाळेच्या दवाखान्यात आहात असं कळलं. ऐकून बरं वाटलं. घरापासून लांब असलेल्या मुलाला ताप आला की त्याला औषधापेक्षा जवळ बसणारं माणूस लागतं. तुम्ही बसत असाल. आपल्या वॉर्डातही ड्रेसिंग झाल्यावर तुम्ही दोन मिनिटं खाटेच्या कडेला बसायचात. त्यावरून सीनियर डॉक्टर तुम्हाला काय काय बोलायचे ते आता नको.

इकडे सगळं तसंच आहे. लिफ्ट पुन्हा बंद आहे. बारा नंबरच्या खाटेजवळचा पंखा बदलला.

तुमचं मनगट कसं आहे? हाड जोडायला घातलेल्या तारा काढल्या का? थंडीत जुनं हाड दुखतं, जपून असा.

एक गोष्ट मनात राहिली आहे म्हणून लिहायला बसलो. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी रॅम्पवर ट्रॉली सुटली तेव्हा मी चहाला गेलो होतो. पाचच मिनिटं. परत आलो तर तुम्ही खालच्या वळणावर हात धरून बसलेल्या, आणि पेशंट लीलाबाई ट्रॉलीवर ओरडत होत्या. मी जागेवर असतो तर असं झालं नसतं. नंतर चौकशीत मी जे बोललो ते घाईत बोललो. काय विचारतात ते मला नीट उमजलं नव्हतं. मनात ठेवू नका.

दर गुरुवारी औदुंबरला जातो. दत्ताला नमस्कार करताना तुमचं नाव आठवतो.

वॉर्ड नऊचा,
आकाराम


मिरज
रविवार, २० जुलै २०२५

मॅडम,

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टमनने वॉर्डात सगळ्यांसमोर हातात दिलं. दोनच ओळी होत्या. "मामा, तुम्ही चहाला गेला नव्हता. मी वर बघितलं होतं."

कार्ड खिशात घातलं आणि दिवसभर काम केलं. त्यानंतर हे पत्र चार वेळा सुरू करून फाडलं. आज पूर्ण करतो.

मी चहाला गेलो नव्हतो. रॅम्पच्या वरच्या टोकाला भिंतीशी माझी प्लास्टिकची खुर्ची असते, तिच्यावर बसलो होतो.

आता पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला सगळं माहीत आहे. पण मी हे आजवर कुणाजवळ बोललो नाही, घरीही नाही, म्हणून मला लिहायला हवं.

तुम्ही पहिल्या वर्षाच्या शिकाऊ सर्जन, शिवतेज सर तिसऱ्या वर्षाचे. जानेवारीत राऊंडला मोठ्या सरांनी विचारलं की बारा नंबरचा रिपोर्ट का आला नाही. तुम्ही म्हणालात, "सर, फॉर्म काल संध्याकाळी मिळाला." फॉर्म दोन दिवस शिवतेज सरांच्या खिशात होता. तुम्ही त्यांचं नावही घेतलं नाहीत, पण सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले.

"मामा, बसा. आजपासून तुम्हाला आराम."

"का हो सर?"

"मॅडमना खरं बोलायची लय हौस आहे. जरा घाम निघू दे. आजपासून सगळ्या ट्रॉल्या त्या नेणार, एकट्या. सुभेदारांची पोरगी आहे, परेड होऊन जाऊ दे."

दुसऱ्या वर्षाचे दोघे हसले. मीही हसलो.

ट्रॉली रॅम्पवरून खाली न्यायची म्हणजे दोन माणसांचं काम. एकाने पुढे उलटं चालत ती अंगावर तोलायची, दुसऱ्याने मागून धरायची. दुसरा माणूस आपल्याकडे भरलेलाच नाही, म्हणून मी पेशंटच्या नातेवाइकाला मागे धरायला लावतो. तुम्हाला तीही परवानगी नव्हती. कुणी नातेवाईक पुढे झाला की सीनियर वरून हाक मारायचे, "काका, सोडा. मॅडमचा अभ्यास चाललाय." सकाळची ड्रेसिंग, सलाईन, रक्ताचे नमुने हे तर होतंच. त्यात दिवसाला नऊ-दहा फेऱ्या. तुमचा डबा संध्याकाळी तसाच परत जाताना मी बघितला आहे.

लीलाबाईंनी एकदा तुम्हाला विचारलं, "आगं बया, तू डाक्टर हायस का हमाल?" तुम्ही म्हणालात, "आजी, सध्या दोन्ही." त्या दिवशी रॅम्पवरचे सगळे हसले. तुम्हीसुद्धा. मी वरून ऐकत होतो.

संध्याकाळी ट्रॉलीच्या वहीत प्रत्येक फेरीपुढे मी माझी सही करायचो. ड्युटी माझी म्हणून सही माझी. असे एकेचाळीस दिवस.

एकेचाळिसाव्या दिवशी फरशी ओली होती. तुमचा पाय सरकला. तुम्ही हात सोडून बाजूला झाला असता तर तुम्हाला काही झालं नसतं, लीलाबाई खालच्या भिंतीवर गेल्या असत्या. तुम्ही सोडलं नाहीत. वळणावर कठड्याला हात अडकवलात आणि मनगट कठडा आणि ट्रॉली यांच्यामध्ये सापडलं. तो आवाज वर माझ्यापर्यंत आला. तुम्ही ओरडला नाहीत. वर बघितलंत.

मी पेपर वाचत होतो. मी आधी पेपरची घडी घातली आणि मग उठलो. तेवढा वेळ तुम्ही माझ्याकडे बघत होता.

मग तुम्ही तक्रार केलीत. चौकशीच्या आदल्या दिवशी शिवतेज सरांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही, चहा मागवला.

"मामा, ट्रॉली कुणाची ड्युटी?"

"माझी."

"मग मॅडम नेत होत्या असं सांगितलंत, तर तुम्ही काय करत होता? एकेचाळीस दिवसांच्या सह्या कुणाच्या?"

मी चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी समितीसमोर तुमच्यादेखत सांगितलं, "ट्रॉली मीच नेत होतो. मॅडम शेजारून चालत होत्या, पाय घसरून पडल्या." तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीत. कागदावर आलं की तक्रारीत तथ्य आढळले नाही. आठवड्याने तुम्ही हॉस्टेलची खोली रिकामी केलीत.

आता हे तुम्हाला आणि मलाही माहीत आहे असं म्हणता येईल. पूर्वीही होतं, पण मी कबूल नव्हतो.

आकाराम


मिरज
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

मॅडम,

उत्तराची वाट बघत नव्हतो असं लिहिणार होतो. बघत होतो.

परवा सोनम सिस्टर स्टोअरमध्ये भेटल्या. मी म्हटलं, "मॅडम घरी जाऊन आल्या का सुट्टीत?" त्या म्हणाल्या, "कुठलं घर, मामा? तुम्हाला माहीत नाही?" मग सांगितलं. कॉलेजच्या चौकशीचा निकाल तुमच्या गावी पोचला. तुमच्या वडिलांनी तो वाचला, घडी घालून पेटीत ठेवला आणि तुम्हाला फोनवर म्हणाले, "फौजंतल्यागत रगडा सोसला न्हाई म्हणून पळालीस, ते येक वेळ चालंल. पर दुसऱ्यावर खोटा आळ घालून पळालीस. मैदान सोडणारं माणूस ह्या घरात न्हाई." तेव्हापासून बोलणं नाही. तुम्ही त्यांना सांगितलं होतंत की मामांना विचारा, मामांनी सगळं बघितलंय. आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझंच नाव.

मला वाटत होतं की तुमची जागा गेली, पण डिग्री आहे, नोकरी आहे, वय लहान आहे. सावरतील. हे मी माझ्या सोयीने ठरवलं होतं. तुमचं घर गेलं हे मला ठाऊक नव्हतं.

खोटं का बोललो, याचं उत्तर मी देवासमोर एकच देत आलो. एकोणीस वर्षं कंत्राटावर आहे. कायम होण्याची फाईल वर गेली आहे. धाकट्याचं शिक्षण चालू आहे. हे खरं आहे. पण एवढंच नाही, आणि उरलेलं मी देवासमोरही बोललो नव्हतो.

ट्रॉल्या तुमच्याकडे आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही औषधांच्या खोलीत जाऊन रडलात. दार लोटलेलं होतं, तरी मला ऐकू आलं. मला तेव्हा कीव आली नाही, मॅडम. मला राग आला. मनात आलं की हे काम मी एकोणीस वर्षं करतो, पाठ गेली, गुडघा गेला, माझ्यासाठी या खोलीत कुणी रडलेलं नाही. शिवतेज सरांनी सगळ्यात खालची शिक्षा शोधली तर त्यांना माझं रोजचं काम सापडलं. राग त्यांचा यायला हवा होता. मला तुमचा आला. मनात म्हटलं, कळू दे हिलाही.

आणि खुर्चीवर बसून गुडघ्याला बरं वाटत होतं. पहिल्या आठवड्यात मी बसल्या बसल्या हळूच दत्ताचं नाव घ्यायचो. डोळे मिटून, तुमची ट्रॉली समोरून जाताना. लोकांना वाटायचं मामा सज्जन माणूस आहे.

आमच्या गावच्या शाळेत एक गुरुजी होते. चूक केली की छडी मारायचे नाहीत. उभं करून विचारायचे, "काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग." आम्हाला छडी परवडली असती. एवढ्या वर्षांनी मी तिथेच उभा आहे.

खरं काय ते लिहून काढलं आहे. दोन पानं झाली. समितीला द्यायचं आहे. अजून दिलेलं नाही. रोज शर्टाच्या खिशात घालून नेतो आणि परत आणतो.

आकाराम


मिरज
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

मॅडम,

दिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

कार्यालयातल्या बाबूने वाचलं आणि मला खाली बसवलं. "मामा, डोकं ठिकाणावर आहे का? फाईल सहीला गेलीय तुमची." मी म्हटलं, "शिक्का मारा." त्याने मारला आणि मला एक प्रत दिली.

दुपारी समितीच्या अध्यक्ष मॅडमनी बोलावलं. तिघे बसले होते.

"आकाराम, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

"फेब्रुवारीत आणला होता, मॅडम. आता कुणी नाही."

"तेव्हा खोटं बोललात म्हणता. मग आता खरं बोलताय कशावरून?"

"तेव्हा खोटं बोलून माझी नोकरी राहणार होती. आता खरं बोलून जाणार आहे."

कुणी हसलं नाही. त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, "प्रकरण बंद झालंय. तक्रारदार हजर नाही, पुन्हा सुरू करायला तिचा अर्ज लागेल. आणि डॉ. शिवतेज पास होऊन गेले. आता याचा काय उपयोग?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा हलकं वाटेल असं समजत होतो. तसं काही झालं नाही. रॅम्पवरून खाली गेलो, एक ट्रॉली वर आणली.

सोनम सिस्टर म्हणाल्या, शिवतेज सर पहिल्या वर्षाला होते तेव्हा त्यांच्या सीनियरनी त्यांना महिनाभर उभ्याने जेवायला लावलं होतं, सगळ्यांसमोर, भिंतीकडे तोंड करून. तेव्हाही कुणी काही बोललं नाही. मी त्या वेळी याच वॉर्डात होतो, आणि मला ते आठवतसुद्धा नाही. हे ऐकून शिवतेज सरांवरचा राग कमी झाला नाही. पण माझी झोप गेली.

तुम्ही अर्ज करावा असं मी म्हणत नाही. तुमचं मन तिकडे जायला तयार नसेल. पण हा कागद मी त्या कपाटात ठेवायला लिहिला नव्हता. तो कुणी वाचायला हवा ते मला माहीत आहे. तेवढं धाडस गोळा करतो आहे.

आकाराम


मिरज
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

अंकिता मॅडम,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. रविवारच्या आत मिळायला हवं. रविवारी काय आहे ते शेवटी लिहितो, पण पत्र पूर्ण वाचा.

कामाच्या वारी लिहितोय, कारण आता मला सगळे वार सारखे आहेत. दिवाळीनंतर कंत्राट पुढे वाढवलं नाही. पत्रात कारण दिलेलं नाही. मार्केटजवळ एका कापड दुकानात येत्या सोमवारपासून कामाला जायचं आहे. माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका, ते मी तुमच्यावर लादायला लिहीत नाही.

काल सकाळच्या गाडीने रहिमतपूरला उतरलो आणि तुमच्या गावी गेलो. सुभेदार मानसिंगरावांचं घर विचारलं, लगेच दाखवलं. ते अंगणात खुरपं घासत बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

"तुमीच का ते आकाराम? कागदावरचे?"

"होय."

"बसा. च्या घ्या. तुमी खरं बोलला म्हणून आमाला आमचं नाणं खोटं हाय ते कळलं."

मी चहा घेतला नाही. उभा राहूनच म्हटलं, "सुभेदार, त्या कागदावर मी खोटं बोललोय," आणि शिक्क्याची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. तुमच्या आई दारात येऊन थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय लिवलंय? आवं, सांगा की."

"गप जरा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "रगडा आमीबी खाल्लाय. पाठीवर वजनाचा पिट्टू बांधून भर दुपारचं पळवायचं आमाला. कोन रडलं न्हाई. ट्रॉली ढकलली तर काय हुतंय?"

"चुकल्यावर पळवायचे ना, सुभेदार?"

"व्हय. चुकल्यावर."

"मॅडमची चूक काय ती त्यात लिहिली आहे."

त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं. मग विचारलं, "वजन किती हुतं?"

"बाई आणि ट्रॉली धरून दीडशे किलोच्या आसपास."

तुमच्या अंगणातून गोठ्याकडे जो उतार आहे, तिथे उसाच्या बेण्याच्या मोळ्यांनी भरलेली हातगाडी उभी होती. चाकाला दगड लावलेला. ते उठले, गाडीच्या खालच्या अंगाला जाऊन उभे राहिले, दोन्ही हात दांडीला लावले आणि मला म्हणाले, "दगड काढा."

"सुभेदार, राहू द्या."

"काढा म्हनलं ना."

मी काढला. गाडी त्यांच्या अंगावर आली. एक पाऊल मागे सरले, टाच मातीत रोवली आणि धरली. तुमच्या आई ओरडल्या, "आवं, कंबर जाईल!" त्यांनी ऐकलं नाही. मी मागून धरायला पुढे झालो तर म्हणाले, "हात लावायचा न्हाई. ती येकटी हुती न्हवं?"

"एकटी."

"दिसाला किती डाव?"

"नऊ. कधी दहा."

"किती दिस?"

"एकेचाळीस."

गाडी धरूनच बोलत होते. मानेच्या शिरा वर आल्या होत्या. साठीचा माणूस. मग विचारलं, "आनि तुमी?"

"मी वर खुर्चीवर बसलो होतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता शिवी देतील, आणि दिली असती तर बरं झालं असतं. दिली नाही. "दगड लावा," एवढंच म्हणाले. मी लावला.

दांडीच्या लोखंडाने त्यांच्या उजव्या तळहाताची साल निघाली होती, चांगली दोन बोटं रुंद. तुमच्या आई हळद घेऊन आल्या. त्यांनी हात मागे घेतला. मग घरात गेले, पेटी उघडल्याचा आवाज आला. कॉलेजचा तो निकाल घेऊन बाहेर आले, तो माझ्या कागदात घालून दोन्हीची एकच घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. तुमच्या आई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी म्हनत हुते. पहिल्या दिसापास्नं म्हनत हुते." या वेळी ते गप बस म्हणाले नाहीत.

मग मला विचारलं, "साताऱ्यावरनं पाचगणीची पहिली गाडी कवा हाय?"

मी म्हटलं की चौकशी करून सांगतो, आणि हवं तर बरोबर येतो.

"नगं. तुमी नगा येऊ." आणि पाठोपाठ, "तिला कळवू नगा."

मी हे कळवतो आहे. ते रविवारी, १६ तारखेला येणार आहेत; काल रात्री गाडीची वेळ फोनवर सांगितली तेव्हा त्यांनी वार ठरवला. सकाळी नऊपर्यंत स्टँडवर उतरतील. शाळा कुठे आहे ते कुणालाही विचारणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेलच. भेटल्यावर चुकलो म्हणणार नाहीत. बहुधा घराची, उसाची काहीतरी गोष्ट काढतील. तुम्ही स्टँडवर जावं की नाही हे सांगायचा मला अधिकार नाही. माझ्यामुळे जे मोडलं त्यातलं हे एकच मला उचलून तुमच्या दारापर्यंत आणता आलं, म्हणून लिहिलं. यानंतर माझी पत्रं येणार नाहीत.

गेलात तर त्यांचा उजवा हात बघा. ते मूठ मिटून ठेवतील. जखम खोल आहे, तिच्यात गंजही गेला असेल आणि आठवडाभर ते तिथे कुणाला हात लावू देणार नाहीत.

आकाराम